गरम माल मोजायचा न्हाई

ही गोष्ट सांगायचं मी पाच वर्षं टाळत आलो. कुणी विषय काढला की मी गुडघेदुखीबद्दल बोलायला लागायचो. आता वय अठ्ठ्याहत्तर आहे, गुडघे खरोखरच दुखतात, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं ते गेल्या वर्षी गेले. चाकणच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला आमचं गोल्फचं एक छोटं मैदान आहे. तिथे अजूनही त्यांचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतं, "माणूस भला होता हो, पण त्या आकड्याचं तेवढं…" पुढचं वाक्य कुणी पुरं करत नाही. ते पुरं करायचं काम माझं आहे. तो आकडा मी लिहिला होता.

कंपनीत त्यांना सगळे मायक्रॉन म्हणायचे. मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन, आणि या माणसाला तो एक भाग डोळ्यांनी दिसतो अशी कामगारांची समजूत होती. ते आमच्या गेज रूमचे प्रमुख. कारखान्यातली सगळी मोजमापाची उपकरणं त्यांच्या ताब्यात, आणि बनलेला माल पास की नापास हा शेवटचा शब्दही त्यांचा. मी प्रॉडक्शनचा प्रमुख. म्हणजे मी माल काढायचा आणि त्यांनी तो अडवायचा, असा आमचा वीस वर्षांचा संसार.

ते मूळचे पुनावळ्याचे, जुन्या शेतकरी घरातले. आयटीआय करून कंपनीत लागलेले घरातले पहिले. बोलणं शेवटपर्यंत गावचं राहिलं. परदेशी पाहुण्यांपुढेही ते 'हाय' आणि 'न्हाई' असंच बोलायचे, आणि दुभाष्याची पंचाईत व्हायची. त्यांना कुणी विचारलं, किती वेळात येता, तर म्हणायचे, "येतो. किती वेळ लागला ते आल्यावर सांगतो." मोजल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही, हा त्यांचा नेम. एकदा कंपनीच्या डॉक्टरांनी वय विचारलं तर यांचा उलट प्रश्न, "मोजलेलं सांगू का लिहिलेलं?" शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी एक जून टाकलेला, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे जन्म कांदा काढणीतला. डॉक्टरांनी वयाची जागा कोरीच सोडली.

गेज रूम बारा महिने वीस अंशांवर थंड ठेवलेली असायची, म्हणून ते बिनबाह्यांचा मरून स्वेटर घालायचे. बायकोने विणलेला. पुढे तो अंगाचाच भाग झाला. मे महिन्यात, डांबर वितळत असताना, ते चाकणच्या चौकात स्वेटर घालून कंपनीच्या बसची वाट बघत उभे असायचे. लोक वळून बघायचे. त्यांना पत्ता नसायचा.

वीस अंशांचं कारण त्यांनी मला पहिल्याच भांडणात शिकवलं होतं. एका मोठ्या गिऱ्हाइकाची लाइन आमच्या शाफ्टसाठी थांबायला आली होती. गेटवर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, वरून फोन. मी ग्राइंडिंगवरून नुकत्याच उतरलेल्या शाफ्टचा ट्रे स्वतःच्या हातांनी उचलून गेज रूममध्ये नेला आणि म्हणालो, आत्ताच्या आत्ता मोजा. त्यांनी ट्रेमधला एक शाफ्ट उचलला आणि गालाला लावला. आई लेकराचा ताप बघते तसा. मग तो परत ठेवला.

"गरम हाय," ते म्हणाले. "गरम माल मोजायचा न्हाई, साहेब. गरम असतोय तवर माप मोठंच येतं. चांगला मालबी नापास व्हतोय आणि वाईट पास."

मी खूप बोललो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते स्वेटरच्या खिशात हात घालून उभे राहिले. शाफ्ट थंड व्हायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. मग मोजले आणि सगळे पास झाले. ट्रक गेला. मी खोलीतून निघताना त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "तुमीबी बसा जरा हितं. गार व्हा." मला तेव्हा तो अपमान वाटला. त्यांना खरंच वाटत होतं की मी जरा बसावं.

गोल्फशी त्यांचा संबंध आला तो गवतामुळे. आम्ही दोघंही निवृत्त झालो होतो. आसपासच्या चारसहा कंपन्यांनी मिळून नऊ होलचं ते मैदान केलेलं, आणि परदेशी साहेबांबरोबर खेळता खेळता मला त्याची चटक लागलेली. होलच्या भोवतीचं गवत ठरावीक मिलिमीटरचंच ठेवावं लागतं, नाहीतर चेंडू नीट घरंगळत नाही. कापायच्या यंत्राचं पातं नीट लागत नव्हतं. मी म्हटलं, आमचे एक मित्र आहेत, त्यांना बोलावू. ते स्वेटर घालून, लाकडी पेटीत उपकरणं घेऊन आले. गुडघ्यांवर बसून पात्याची उंची मोजली, मग गवताची, मग कुणी न सांगता नऊच्या नऊ होलचे व्यास मोजले. दोन होल काठाला ढासळले होते. त्यांनी खिशातून लाल टॅग काढून त्या दोन होलमधल्या झेंड्यांना बांधले. त्या दिवशी खेळणारे सगळे खोळंबले. "ह्या दोन गली नापास," त्यांनी मैदानाच्या मॅनेजरला सांगितलं.

गोट्या खेळताना जमिनीत जो खड्डा करतात ती गल. ते शेवटपर्यंत होलला गल म्हणत आले, आणि हळूहळू आम्हीही म्हणायला लागलो. गवत मोजायला आलेला हा माणूस दुसऱ्या आठवड्यात परत आला, तिसऱ्यात त्याने माझी काठी हातात घेतली, आणि वर्षभरात आम्ही दर रविवारी जोडीने खेळू लागलो. त्यांचा फटका दिसायला अगदी वाईट होता, विहिरीवरून कळशी ओढावी तसा. पण चेंडू सरळ जायचा.

गोल्फमध्ये आपला आकडा आपण लिहीत नाही. माझं कार्ड जोडीदाराकडे, त्याचं माझ्याकडे. प्रत्येक होलला किती फटके लागले ते ज्याचं त्याने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो जिंकला. शेवटी लिहिणाऱ्याने सही करायची, आणि खेळणाऱ्याने आकडे तपासून आपली सही करायची. पहिल्याच रविवारी मी त्यांचं कार्ड त्यांच्यापुढे धरलं, तर त्यांनी डोंगराकडे तोंड फिरवलं आणि न बघताच सही ठोकली.

मी म्हटलं, "राव, तपासा तरी."

"कंपनीत वीस वर्षं तुमचा एकबी आकडा मी तपासल्याबिगर घेतला न्हाई," ते म्हणाले. "हितं तपासणार न्हाई."

मी हसलो. मला वाटलं, चेष्टा आहे. त्यानंतर दर रविवारी ते असेच डोंगराकडे बघत सही करत आले.

आता लाल डब्याबद्दल सांगायला हवं. कारखान्यात नापास माल उघडा ठेवत नाहीत. लाल रंगाच्या पेटीत टाकतात, पेटीला कुलूप असतं आणि किल्ली गेज रूमकडे. दुसऱ्या दिवशी डोकी शांत झाली की सगळे पेटीभोवती जमून, माल का बिघडला ते बघतात. निवृत्त होताना मायक्रॉननी भंगारात निघालेली अशी एक पेटी मागून आणली होती. ती त्यांनी मैदानाच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर, बाकाखाली ठेवली.

गोल्फ हा खेळ बाहेरून दिसतो तितका थंड डोक्याचा नाही. हजारो कामगारांची कंपनी चालवणारी माणसं दोन हातांवरून चेंडू चुकवतात आणि दिवसभर स्वतःला शिव्या घालतात. मी त्यातलाच. खेळ बिघडला की मी बोलणं बंद करायचो, जोडीदाराला मागे टाकून तरातरा पुढे निघायचो, आणि घरी गेल्यावर दोन दोन दिवस बायकोशी तुटक वागायचो. प्राधिकरण वसाहतीतल्या आमच्या घरात रविवारची संध्याकाळ म्हणजे दोघांना शिक्षा असायची. मायक्रॉनना हे कसं कळलं कोण जाणे. एका वाईट रविवारी त्यांनी माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं, गालाला लावलं आणि पेटीत टाकून कुलूप घातलं.

"नापास माल घरी न्यायचा न्हाई," ते म्हणाले. "उद्या या. गार झाल्यावर बघू."

सोमवारी मैदान बंद असतं. त्या रिकाम्या सकाळी, पहिल्या शिफ्टच्या बसेस गेल्यानंतर, आम्ही टपरीवर भेटायचो. ते पेटी उघडायचे आणि कार्ड माझ्यापुढे ठेवायचे. पण काय चुकलं ते आधी विचारायचं नाही, असा त्यांचा नियम. आधी विचारायचे, "पास काय झालं ते सांगा." एका शाफ्टला बारा मापं असतात, एक चुकलं म्हणून बाकीची अकरा खोटी होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी एखादा बरा फटका आठवून सांगायचो. चहाचा दुसरा कप येईपर्यंत मलाच हसू यायचं की काल मी कशासाठी एवढा पेटलो होतो. हळूहळू बाकीचेही पेटीत कार्डं टाकू लागले. माझी बायको म्हणायची, दसऱ्याला त्या डब्याची पूजा घालायला हवी.

एका पार्ट्सच्या कंपनीचे प्लँट हेड होते, आमच्याहून वीस वर्षांनी लहान. एकदा त्यांनी रागाने काठीच नाल्यात भिरकावली. मायक्रॉन पँट वर करून नाल्यात उतरले, काठी शोधून वर आणली, रुमालाने पुसली आणि गालाला लावली. "लई तापलीया," एवढंच म्हणाले आणि तिला लाल टॅग बांधून टपरीवर ठेवून दिली. सोमवारी ते साहेब ऑफिसच्या कपड्यांत आले, मान खाली. पास काय झालं असं विचारलं, तर म्हणाले, काहीच नाही. मायक्रॉन म्हणाले, "तिसऱ्या गलीवर माझ्या बुटाची नाडी सुटली व्हती. तुमी थांबला. ते पास." त्या साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. पुढे ते मैदानाच्या समितीचे अध्यक्ष झाले. हे सांगतोय कारण ते पुन्हा येणार आहेत.

आता त्या रविवारबद्दल.

वर्षातून एकदा सगळ्या कंपन्यांच्या आजीमाजी लोकांची स्पर्धा असते, नऊ होलच्या दोन फेऱ्या. डिसेंबर होता. बाजाराकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रकांचा वास वाऱ्याबरोबर मैदानभर पसरला होता. आदल्या वर्षी मी जिंकलो होतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे, आणि माझा खेळ पहिल्या होलपासूनच उसवत गेला. मायक्रॉन मात्र त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं खेळत होते. सरळ, न बोलता, स्वेटरच्या खिशात चेंडू चाचपत.

दुसऱ्या फेरीत, पाचव्या होलवर माझे लागोपाठ दोन चेंडू नाल्यात गेले. नऊ फटके झाले. तिथे माझ्या डोक्यातली शीर तुटल्यासारखी झाली. त्यांचा शेवटचा फटका व्हायची वाट न बघता मी पुढे निघालो. त्या होलवर त्यांचीही जरा गडबड झाली होती. मागून, बाभळीपासून त्यांचा आवाज आला, "साहेब, माझं सात."

मी वळलो नाही. ऐकलं, एवढं दाखवायला हात वर केला. थोडं पुढे जाऊन खिशातून कार्ड काढलं आणि सहा लिहिलं.

का लिहिलं, हे मी स्वतःला पाच वर्षं विचारतो आहे. त्यांचा मत्सर वाटत होता का? वाटत होता. पण मत्सरापोटी लिहिलं असतं तर मी आकडा वाढवून लिहिला असता. खरं एवढंच की माझं मन तिथे नव्हतं. ते मागे नाल्यात पडलं होतं. हाताने जे लिहिलं ते लिहिलं. ती चूक होती, आणि चुकीसाठी मी आज हे लिहायला बसलो नसतो.

खेळ संपला. मी कार्ड पुढे केलं. त्यांनी डोंगराकडे बघत सही केली.

बक्षीस समारंभ मैदानाच्या शेडमध्ये होता. चाळीसेक माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, वडापावचे डबे. माझा एकशे चारचा आकडा वाचला गेला तेव्हा मागे कुणीतरी म्हणालं की गेल्या वर्षीची बक्षिसाची ढाल परत आणली आहे ना, आणि सगळे हसले. मग अध्यक्षांनी पहिला क्रमांक वाचला. मायक्रॉन, पंच्याऐंशी. दुसरा क्रमांक शहाऐंशी. टाळ्या वाजल्या. मायक्रॉन उठले, पण पुढे गेले नाहीत.

"माझं शहाऐंशी हायेत," ते म्हणाले.

लोक पुन्हा हसले. ते गंभीर होते. म्हणाले, दुसऱ्या फेरीत पाचव्या गलीवर मी सात मारलेत, कार्ड बघा. अध्यक्षांनी कार्ड बघितलं. सहा होता. हसणं थांबलं. गोल्फचा नियम कडक आहे: मारले त्यापेक्षा कमी फटके लिहिलेल्या कार्डावर खेळाडूने सही करून ते दिलं की तो बाद. चूक कुणाची हे तिथे बघत नाहीत. बाद तर ते झालेच होते. त्याला इलाज नव्हता. पण मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. शहाऐंशीने बरोबरी झाली असती आणि पंच्याऐंशीने बक्षीस एकट्याला, हा हिशेब सगळ्यांना येत होता. कुणीतरी बघितलं असणार, म्हणून आता कबूल करतोय, असंही मला ऐकू आलं.

अध्यक्ष भला माणूस. त्यांना मायक्रॉनची बाजू सावरायची होती. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "सर, कार्ड तुम्ही लिहिलंत. त्यांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. नुकतीच हसलेली. एकशे चारवाला, रागाने पुढे चालत गेलेला, जोडीदाराचा आकडासुद्धा धड न लिहिता आलेला म्हातारा, एवढं मला कबूल करायचं होतं. एका वाक्याचं काम. आठवत नाही, असंही म्हणता आलं असतं. तेही खोटंच, पण लहान.

मी म्हणालो, "सहा."

मायक्रॉननी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. डायलचा काटा थरथरतो तेव्हा तो स्थिर होईपर्यंत ते जसे बघत राहायचे, तसं ते माझ्याकडे बघत राहिले. काटा हलला नाही. मग ते अध्यक्षांना म्हणाले, "साहेबांनी सांगितलं ना? मंग झालं." 'मी सात म्हणालो होतो,' असं ते म्हणाले नाहीत. कार्ड मागून घेतलं, बाहेर टपरीवर गेले, पेटी उघडून त्यात टाकलं आणि कुलूप लावलं. मी फाटकापाशी गाडीत बसत होतो. जवळ येऊन म्हणाले, "उद्या सोमवार हाय, साहेब. या."

मी गेलो नाही. टपरीवाल्याने नंतर सांगितलं की ते आले, पेटी बाकावर घेऊन बसले, दोन चहा मागवले. दुसरा गार झाला. मग पेटी न उघडताच घरी घेऊन गेले.

त्यांना कुणी मैदानावरून काढलं नाही. आपल्याकडे तसं करत नाहीत. फक्त कार्ड लिहायला त्यांच्या हाती कुणी देईना. "काका, आज आमचे चौघं पूर्ण आहेत," असं हसून सांगायचे. ज्या माणसाने आयुष्यभर अख्ख्या कारखान्याचे आकडे तपासले, त्याच्याकडे आकडा सांभाळायला द्यायची लोकांना भीती वाटू लागली. मग ते भल्या सकाळी, पहिल्या शिफ्टच्या बसेस येतात त्या वेळेला, एकटेच खेळू लागले, कार्ड न घेता. मी एकदा लांबून पाहिलं. चेंडू होलच्या शेजारून पुढे गेला. ते हसले, चेंडू उचलून खिशात टाकला आणि पुढच्या होलकडे चालू लागले. मोजतच नव्हते.

माझ्याशी ते पूर्वीसारखेच वागले. दिवाळीला फोन, गुडघ्यांची चौकशी. उलट जास्तच जपून वागायचे, तापलेल्या वस्तूला जपतात तसे. मीच भेटी कमी केल्या.

चार वर्षं अशी गेली. ते आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी पुनावळ्याला गेलो. त्यांच्या शेताच्या जागी आता चार उंच इमारती आहेत आणि त्यातल्या एकीत अकराव्या मजल्यावर त्यांचं घर. त्यांनी मला गॅलरीत नेलं आणि खालच्या पार्किंगमध्ये विहीर नेमकी कुठे होती ते दाखवलं. खांबापासून किती फूट तेसुद्धा. खूप वाळले होते. स्वेटर अंगावर होताच. गॅलरीच्या कोपऱ्यात लाल पेटी होती, तिच्यावर तुळशीची कुंडी.

चहा नातीने केला. ती ताथवड्याला इंजिनिअरिंगला आहे. ती आत गेल्यावर मी घसा साफ केला आणि म्हणालो, "राव, त्या रविवारचं…"

त्यांनी हात पुढे करून माझा हात घेतला आणि त्याची मागची बाजू आपल्या गालाला लावली. गाल खडबडीत होता, दाढी वाढलेली. क्षणभर तसाच धरून ठेवला.

"गरम हाय अजून," ते म्हणाले. "आज वार काय?"

"गुरुवार."

"मंग सोमवारी या. डबा सोमवारीच उघडायचा."

मला सुटका झाल्यासारखं वाटलं. हे मी लपवत नाही. तेव्हाच, त्याच खुर्चीत, हात त्यांच्या गालावर असताना बोलून टाकायला हवं होतं. त्यांनी मला वेळ दिला आणि मी तो आनंदाने घेतला.

नात लिफ्टपर्यंत सोडायला आली. बटण दाबून म्हणाली, "आजोबा, तुम्ही होता ना त्या स्पर्धेच्या दिवशी? बाबा म्हणतात, म्हातारपणी मोह झाला असेल, जाऊ दे. मी आमच्या आजोबांना विचारलं तर ते काही बोलतच नाहीत. नक्की काय झालं होतं?"

म्हणजे घरातही. मुलाच्या मनातही. लिफ्ट आली, दार उघडलं. मी तिला म्हणालो, "सोमवारी सांगतो, बाळ."

सोमवारी मी त्यांना फोन केला आणि सांगितलं की ट्रॅफिक फार आहे, पुढच्या सोमवारी येतो. ते म्हणाले, "चालतंय की. डबा कुठं पळतोय." शनिवारी ते गेले. अंत्यविधीला मी मागे उभा होतो. नात माझ्याकडे बघत होती. तिथेही मी काही बोललो नाही, तेव्हा आता लिहितो, तिच्यासाठी आणि त्या शेडमधल्या चाळीस जणांसाठी: त्यांनी मला सात सांगितले होते.

ट्रॅफिक खरंच होतं. त्या सोमवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो होतो. बायकोने त्यांच्यासाठी चिकू दिले होते, ते शेजारच्या सीटवर होते. पुनावळ्याच्या अंडरपासच्या तोंडाशी नेहमीसारखी कोंडी. पुढे एक कंटेनर, मागे कंपनीची बस. त्यांची इमारत तिथून दिसत होती, अकरा मजले मोजता येत होते. चालत गेलो असतो तरी दहा मिनिटांत पोचलो असतो. मी थांबलो. मग डाव्या बाजूला वळायला जागा झाली आणि मी गाडी परत फिरवली. पण फिरवण्याआधी, काचा वर असताना, मी समोरच्या कंटेनरकडे बघत ते सगळं एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, घरी पाठ केलं होतं तसं:

"राव, तुम्ही सातच म्हणाला होता. मी ऐकलं होतं, हातसुद्धा वर केला होता. चूक माझी, आणि खोटंही मीच बोललो. मला माफ करा."